जुन्या गाडीचा सायलेन्सर आणि आठ एम.एम.चा नट

शिरूर कासार हा सिंदफणेच्या काठचा, १९९९ मध्ये तालुक्याचे ठिकाण झालेला बाजारगाव. इथला व्यापार दुकानाच्या गादीवर जेवढा होतो तेवढाच चाकांवरही होतो. बांगड्यांच्या पेट्या, कापडाचे गठ्ठे, चपला, केळी-मोसंबी, भांडी असा माल घालून मणियार, बागवान, अत्तार, तांबोळी बांधव आज रायमोहा, उद्या तिंतरवणी, परवा पाथर्डीच्या बाजूला असे बाजार धरत फिरतात. ज्याची गाडी बाजाराच्या दिवशी पहाटे सुरू होऊन वेळेवर पोहोचली त्याला मोक्याची जागा मिळते. ज्याची वाटेत उभी राहिली त्याचा आठवडा गेला. हा हिशोब आपल्या व्यापारी बांधवांना सांगायला नको.

ही गाडी बहुधा नवी नसते. कुणाकडे मारुतीची व्हॅन असते, जिला आपण ओम्नी म्हणतो. ती १९८४ मध्ये बाजारात आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. कुणाकडे वडिलांच्या वेळची मॅटाडोर असते. ती काढणारी बजाज टेम्पो कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते. मॅटाडोरचे उत्पादन बंद होऊनही दोन दशके उलटली. या गाड्यांचे टायर, ब्रेक, बॅटरी यांची काळजी मालक घेतो, कारण ते रोज डोळ्यांसमोर असते. सायलेन्सरकडे मात्र तो फटफट आवाज करू लागल्याखेरीज कुणी पाहत नाही. त्यातही सायलेन्सर धरून ठेवणारे स्टड, नट, बोल्ट, क्लॅम्प आणि रबर यांचा विचार तर कोणीच करत नाही. गॅरेजमधल्या भंगाराच्या डब्यात हात घालावा, बसेल तो नट काढावा आणि पान्याने आवळावा, एवढीच त्यांची किंमत. या लेखात त्याच नटाबद्दल थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण चुकीच्या नटामुळे अख्खे हेड उतरवावे लागते, आणि कधी त्याहून मोठे नुकसान होते.

आधी त्या मोठ्या नुकसानीचे बोलू. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटच्या खाली असते. मॅटाडोरचे इंजिन चालक आणि शेजारचा प्रवासी यांच्या मध्ये, झाकणाखाली असते. म्हणजे मॅनिफोल्डचा एखादा नट सैल होऊन पॅकिंग फुंकले, तर निघणारा धूर मागे रस्त्यावर न जाता थेट आपल्या पायांशी येतो. पेट्रोल किंवा गॅसवर चालणाऱ्या गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्ताला प्राणवायूपेक्षा तो दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणून थोडाही शरीरात गेला तरी साचत जातो. प्रथम डोके जड होते, मळमळते, मग गुंगी येते. पहाटे तीनला उठून निघालेल्या माणसाला ती झोपेचीच गुंगी वाटते. मागे गठ्ठ्यांवर झोपलेल्या लेकराला तर काही सांगताही येत नाही. डिझेलच्या धुरात हा वायू बराच कमी असतो, पण म्हणून तो धूर निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.

यात आपल्याकडची एक सवय भर घालते. माल जास्त झाला की मागची डिकी उघडी ठेवून, दोरीने बांधून गाडी चालवली जाते. बंद खोक्यासारखी गाडी पळते तेव्हा तिच्या मागे हवा कमी दाबाची होते, आणि सायलेन्सरच्या नळीतून निघालेला धूर उघड्या डिकीतून आत ओढला जातो. सायलेन्सर अगदी सुस्थितीत असला तरी हे होते. जोड गळका असेल तर विचारायलाच नको. डिकी उघडी ठेवणे भागच असेल तर पुढच्या दोन्ही काचा पूर्ण खाली कराव्यात आणि मागे माणूस बसवू नये.

दुसरा धोका आगीचा. कापूस, कापड, कडबा, पुठ्ठ्याची खोकी यांच्यापासून काही इंचांवर तापलेली नळी असते. नळीवरचा उष्णतारोधक पत्रा दोन छोट्या बोल्टांवर टिकलेला असतो. ते गेले की पत्रा खडखडतो, मग कुणीतरी तो उपटून फेकून देतो. असा पत्रा फेकून दिलेली गाडी विकत घेताना भाव निदान विचार करून ठरवावा.

नट मरावा, स्टड जगावा

आता मूळ विषय. इंजिनाच्या हेडमध्ये स्टड बसवलेले असतात, त्यांवर मॅनिफोल्ड चढते आणि बाहेरून नट येतात. म्हणजे एकाला एक धरून तीन गोष्टी आहेत: हेड, स्टड आणि नट. हेड सर्वांत महाग, स्टड मध्यम, नट सर्वांत स्वस्त. कधी ना कधी गंज आणि उष्णता यांनी यांतले काहीतरी खराब होणारच. ते काय व्हावे हे ठरवणे आपल्या हातात आहे. नट खराब झाला तर दहा मिनिटांचे काम. स्टड तुटला तर अर्धा दिवस. हेडमधले आटे गेले तर हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावे लागते आणि दोन बाजार बुडतात. तेव्हा जाणत्या मिस्त्रीचा नियम असा की स्टड कडक पोलादाचा असावा आणि नट त्याहून मऊ धातूचा. बिघडलाच तर नट बिघडावा आणि स्टडला सोडून द्यावा.

जुन्या काळापासून या कामासाठी पितळेचा नट वापरत आले आहेत तो याच कारणाने. पितळ पोलादाला गंजून चिकटत नाही. वर्षानुवर्षे तापून-निवून झाल्यावरही पाना लावला की तो सुटतो. ज्या गावाच्या नावातच कासार आहे त्या गावाला पितळेचा गुण वेगळा सांगण्याची गरज नाही. पण पितळेलाही मर्यादा आहे. तीनशे अंशांच्या पुढे त्याची ताकद झपाट्याने कमी होते. म्हणून डिझेल गाडीच्या मॅनिफोल्डखालच्या नळीच्या जोडाला, सायलेन्सरच्या फ्लँजला पितळी नट उत्तम. पेट्रोल इंजिनाच्या हेडला अगदी लागून असलेल्या मॅनिफोल्डवर तांब्याचा मुलामा दिलेला पोलादी नट घ्यावा. भरलेली गाडी चढ चढताना पेट्रोल इंजिनाच्या धुराचे तापमान ७०० ते ८०० अंशांपर्यंत जाते, डिझेलचे ५०० ते ६०० पर्यंत. हा फरक लक्षात ठेवला तर कुठे कोणता नट हे आपोआप कळते. पितळी नट साध्या नटापेक्षा उंच घ्यावा, म्हणजे जास्त आटे धरतात.

सुट्या भागांच्या दुकानात आपल्याला तीन प्रकारचा माल दाखवला जातो, आणि तिन्हींत फसण्याची जागा आहे. पहिला चकचकीत पिवळसर किंवा निळसर जस्ताचा मुलामा दिलेला बोल्ट. तो बाहेरच्या पत्र्याला ठीक, पण जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते, आणि त्याच्या बऱ्याच आधी मुलाम्याचा गंज रोखण्याचा गुण संपतो. मॅनिफोल्डवर तो दोन महिन्यांत काळा पडतो. दुसरा आतमध्ये नायलॉनची चकती असलेला लॉकनट. चाकाच्या कामात, सस्पेन्शनमध्ये तो चांगला, पण नायलॉन सव्वाशे अंशांच्या पुढे टिकत नाही. पहिल्याच फेरीत चकती जळून जाते आणि उरतो तो सैल नट. लॉकनटच हवा असेल तर संपूर्ण धातूचा, तोंडाशी किंचित दाबून लंबगोल केलेला नट मिळतो, तो मागावा. तिसरा स्टेनलेस स्टीलचा. दुकानदार सांगतो, साहेब, आयुष्यभर गंजणार नाही. गंजत नाही हे खरे. पण स्टेनलेसच्या स्टडवर स्टेनलेसचा नट कोरडा आवळला की दोन्हींचे आटे एकमेकांत रुतून असे धरतात की कापल्याशिवाय सुटत नाहीत. शिवाय हे स्टेनलेस साध्या पोलादापेक्षा जवळजवळ दीडपट प्रसरण पावते, म्हणून तापल्यावर पकड ढिली होते. मागच्या क्लॅम्पसाठी स्टेनलेस जरूर घ्यावे. हेडच्या स्टडसाठी घेऊ नये.

स्टड किंवा बोल्ट घेताना डोक्यावरचा आकडा वाचावा. ८.८ असे कोरलेले असेल तर पहिला ८ म्हणजे तुटेपर्यंत दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन, म्हणजे ढोबळमानाने ८० किलोचा ताण तो सोसतो. दुसरा ८ सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत तो कायमचा लांबत नाही. ४.६ लिहिलेला बोल्ट त्याच्या निम्म्याच ताकदीचा. काहीच लिहिलेले नसेल तर तो कपाटाला लावावा, इंजिनाला नाही. १०.९ चा आणखी कडक म्हणून तोच घ्यावा असेही नाही. हेड ॲल्युमिनियमचे असेल तर बोल्ट तुटण्याआधी हेडचे आटे उपटून येतात. ओम्नीचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. मॅटाडोरच्या मर्सिडीज बनावटीच्या डिझेल इंजिनाचे हेड बिडाचे. (बीड जिल्ह्यातल्या वाचकाला बीड या धातूचे कौतुक असायला हरकत नाही. हा धातू उष्णता छान सोसतो, फक्त हातोड्याचा घाव सोसत नाही.) ॲल्युमिनियममध्ये स्टड त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल बसलेला असावा, बिडात सव्वापट पुरतो.

आता आट्यांचा घोळ. या गाड्यांवर बहुतेक नट ८ किंवा १० एम.एम.चे. ८ एम.एम.च्या नेहमीच्या आट्याचे अंतर सव्वा एम.एम. असते. पण जुन्या लेथवर सुताचे, म्हणजे इंचाचे आटे मारलेला अडीच सूत व्यासाचा स्टडही अजून डब्यांतून सापडतो, आणि त्याची जाडी ७.९४ एम.एम., म्हणजे डोळ्याला आठच. नट दोन फेरे हाताने जातो, मग अडतो. घाईतला शागिर्द म्हणतो गंज असेल, आणि पाना लावून ओढतो. तिथेच आटे मेले. १० एम.एम.मध्येही दीड आणि सव्वा अशी दोन अंतरे सर्रास चालतात. यावर उपाय साधा आहे: नवा नट स्टडवर शेवटपर्यंत नुसत्या बोटांनी फिरला पाहिजे. फिरला नाही तर तो नट त्या स्टडचा नाही, किंवा स्टड साफ झालेला नाही.

समुद्र नाही, तरी गंज कसा

आपल्या भागात समुद्राची खारी हवा नाही, पाऊस जेमतेम. मग स्टड का गंजतात, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्याचे उत्तर नळीच्या आत आहे. पेट्रोल असो की डिझेल, जळाल्यावर त्यातून वाफ निघते. लांबच्या फेरीत नळी तापून सगळी वाफ बाहेर जाते. पण स्टँडपासून पेठेपर्यंत, पेठेपासून घरापर्यंत अशा लहान फेऱ्यांत नळी पुरती तापतच नाही. वाफेचे पाणी सायलेन्सरच्या पोटात आणि जोडात साचते. त्यात धुरातले आम्ल मिसळते, आणि नळी आतून सडते. दिवसभर गावातच फिरणाऱ्या व्हॅनचा सायलेन्सर लांब पल्ल्याच्या गाडीपेक्षा लवकर जातो तो यामुळे. आठवड्यातून एकदा तरी पंधरा-वीस किलोमीटर सलग गाडी चालवली तर हे पाणी उडून जाते.

बाहेरूनही मारा असतो. खताच्या पोत्यांतून सांडलेला युरिया, बोकडांची वाहतूक करणाऱ्या गाडीतले मूत, मिठाची पोती, शिवाय पावसाळ्यात ओढ्याच्या पुलावरून जाताना तापलेल्या लोखंडावर उडालेले गार पाणी. बिडाचे तापलेले मॅनिफोल्ड अशा फटकाऱ्याने तडकते, आणि तडकले की नट कितीही आवळा, गळती थांबत नाही. माल उतरल्यावर गाडी पाण्याने धुण्याची सवय चांगली आहे. फक्त इंजिन गार झाल्यावर धुवावी.

दोष पुढे, कारण मागे

मॅनिफोल्डचा तोच तो स्टड पुन्हा पुन्हा तुटतो, अशी तक्रार घेऊन मालक येतो. मिस्त्री नवा स्टड घालतो, पैसे घेतो, तीन महिन्यांनी गाडी पुन्हा दारात. अशा वेळी दोष बहुधा स्टडमध्ये नसतो. तो दोन मीटर मागे, सायलेन्सर टांगणाऱ्या रबरात असतो.

इंजिन रबरावर बसलेले असते, ते हलते. नळीही रबरावर टांगलेली असते, म्हणजे ती इंजिनासोबत झुलते. शिवाय नळी तापून लांब होते. दोन मीटरची पोलादी नळी ३०० अंशांनी तापली तर सुमारे सात एम.एम. वाढते. ही वाढ मागच्या रबरांनी सामावून घ्यायची असते. एक रबर तुटले की चालक रस्त्याच्या कडेला बसून बांधकामाची तार गुंडाळतो आणि गाडी पुढे जाते. तेवढ्या वेळेपुरते ते बरोबरच आहे. पण ती तार वर्षभर तशीच राहते. मग नळी हलू शकत नाही, वाढू शकत नाही, आणि प्रत्येक खड्ड्याचा हिसका सरळ मॅनिफोल्डच्या स्टडवर जातो. आपल्या रस्त्यांवर खड्ड्यांचा हिशोब कोण ठेवणार! म्हणून स्टड तुटला की आधी गाडीखाली जाऊन सगळी रबरे, मधला जोड आणि इंजिनाचे माउंटिंग पाहावे. सायलेन्सरचे रबर ही गाडीतली सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक आहे. टायरची जुनी पट्टी कापून केलेले रबरही तारेपेक्षा शंभर पटीने बरे.

काही पेट्रोल गाड्यांत मॅनिफोल्डच्या खाली गोल वाटीसारखा जोड असतो आणि त्याचे दोन बोल्ट स्प्रिंगसकट येतात. हा जोड मुद्दाम थोडा हलता ठेवलेला असतो. स्प्रिंग हरवल्या म्हणून नुसते बोल्ट कचकचून आवळून टाकणे हे गॅरेजमध्ये नेहमी दिसते, आणि त्याची किंमत पुन्हा त्याच स्टडला मोजावी लागते. स्प्रिंग शोधून आणाव्यात.

गंजलेला नट काढताना

हे काम धीराचे आहे. आदल्या रात्री, इंजिन गार असताना, सर्व आटे वायर ब्रशने साफ करून गंज सोडवणारे तेल सोडावे. ते नसेल तर डिझेलमध्ये थोडे पातळ तेल मिसळून लावावे. सकाळी पुन्हा लावावे. पाना सहा कोनी गोटीचा असावा, बारा कोनी किंवा चालता पाना लावला की नटाचे कोपरे गोल होतात. आधी नट किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा, मग सोडण्याच्या. अर्धा फेरा सोडला की पाव फेरा परत. असे मागे-पुढे करत गंजाची भुकटी बाहेर येते. एकाच झटक्यात काढायला गेले की स्टड पिळवटून तुटतो.

तरीही सुटत नसेल तर नट तापवावा. नट फुगतो आणि पकड सोडतो. तापलेल्या आट्यांशी मेणबत्ती टेकवली की वितळलेले मेण बारीक फटीतून आत ओढले जाते, तेल जिथे जात नाही तिथेही जाते. ही जुनी युक्ती आजही चालते. पण पेट्रोलच्या किंवा गॅस किट बसवलेल्या व्हॅनखाली उघडी ज्योत न्यायची नाही. तिथे टाकी आणि नळ्या कुठे आहेत हे पाहून, गॅसचा व्हॉल्व्ह बंद करून, जमल्यास गाडी बाहेर मोकळ्यावर घेऊन, तेही मॅनिफोल्डच्या बाजूलाच उष्णता द्यावी. ॲल्युमिनियमचे हेड लाल होत नाही, लाल होण्याआधीच ते खचते. वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीची वायर काढून ठेवावी, इंजेक्शनच्या गाडीत तर नक्कीच.

यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे नट बळी देणे. धारदार छिन्नीने नट उभा फोडावा किंवा ग्राइंडरने एका बाजूने कापावा. नट गेला, स्टड वाचला. नट वाचवायचा म्हणून तासभर झगडणारा कारागीर चुकीच्या वस्तूचे पैसे वाचवत असतो.

स्टड तुटलाच आणि थोडा बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करावा. वेल्डच्या उष्णतेने स्टड सैल होतो आणि नटाला पाना लावून निघून येतो. हेडच्या बरोबरीने तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून आधी तीन एम.एम.चे भोक पाडावे, मग मोठे. मध्य चुकला की भोक आट्यांत घुसते. इथे शंभरातले नव्वद काम पंच मारण्यापूर्वीच्या पाहण्यात आहे. ८ एम.एम.चा टॅप मारायचा तर भोक ६.८ एम.एम.चे. आटे पार गेले असतील तर तारेचा आटा बसवणारे लेथवाले असतात. तो बसवला की मूळ मापाचाच स्टड राहतो. भोक मोठे करून १० एम.एम.चा स्टड घालणे हा शेवटचा उपाय समजावा.

जुने पॅकिंग खरवडताना एक काळजी. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते. ते पाणी मारून ओले करून काढावे. त्यावर हवेचा पाइप मारू नये. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलांचे वय कोवळे असते, त्यांच्यासमोर ही धूळ उडवणे बरे नाही.

बसवताना

नवे पॅकिंग, साफ आटे, आणि आट्यांवर तांब्याची पेस्ट. साधे ग्रीस लावू नये, ते जळून कोळसा होते आणि नट आणखी धरून बसतो. तांब्याची पेस्ट सुमारे हजार अंशांपर्यंत टिकते. एक छोटी डबी वर्षभर पुरते. पेस्ट लावलेला नट कोरड्यापेक्षा सहज फिरतो, म्हणून ताकद थोडी कमी लावावी. स्टड हेडमध्ये दोन नट एकमेकांवर आवळून त्यांच्या साहाय्याने बसवावा, पण तळाला ठेचू नये. काही इंजिनांत स्टडचे भोक आत पाण्याच्या वाटेत उघडते. तिथून पाणी झिरपताना दिसले तर त्या टोकाला सीलंट लावावे लागते.

नट मध्यापासून सुरू करून दोन्ही टोकांकडे, आणि दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. एका टोकापासून एकदम आवळत गेले तर मॅनिफोल्ड वाकडे बसते. किती आवळावे? ८ एम.एम.ला साधारण २ ते अडीच किलो-मीटर पुरे. म्हणजे वीतभर, २० सें.मी. लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा-बारा किलोचा जोर. पितळी नटाला त्याहून कमी. पान्यात पाइप घालून उभे राहण्याचे हे काम नाही. स्प्रिंग वायसर इथे उपयोगाचा नाही, उष्णतेने त्याचे पाणी उतरते आणि तो सपाट पत्रा होतो. जाड साधा वायसर घालावा.

मागच्या जोडांवरचा यू-क्लॅम्प आवळताना नळी चेपेपर्यंत आवळतात. ती चेपली की पुढच्या वेळी सुटत नाही, कापावी लागते. पट्टीचा रुंद क्लॅम्प मिळाला तर तो घ्यावा. क्लॅम्पचे आटे खाली लोंबते ठेवू नयेत, बाजूला किंवा वर फिरवावेत, नाहीतर रस्त्यावरचे दगड त्यांची टोके ठोकून टाकतात.

हे सगळे झाल्यावर गाडी सुरू करून तापू द्यावी, पूर्ण गार होऊ द्यावी आणि नट पुन्हा तपासावेत. नवे पॅकिंग पहिल्या तापण्यात दबते. शंभरेक किलोमीटरनंतर आणखी एकदा, गार इंजिनावरच. हा दुसरा फेरा मिस्त्रीने बिलातच धरावा आणि गिऱ्हाइकाला तारीख द्यावी. गिऱ्हाईक फुकट म्हणून येत नाही, पण पैसे दिलेले काम घ्यायला येते.

गळती कशी ओळखायची

सर्वांत सोपी वेळ म्हणजे पहाटे गार इंजिन सुरू करतानाची. तेव्हा फटीतून निघणारा चुक-चुक आवाज स्पष्ट ऐकू येतो. तापल्यावर धातू फुगून फट मिटते आणि आवाज जातो. मालक म्हणतो आपोआप बरे झाले. जोडाभोवती काजळीची काळी रेघ असेल तर ती गळतीची सही समजावी. पेटती उदबत्ती जोडाच्या जवळून सावकाश फिरवली की जिथे धूर एकदम विस्कटतो तिथे फट. अर्थात पेट्रोलचा वास येत असताना किंवा गॅस किटच्या गाडीजवळ उदबत्ती नको. दुसऱ्या माणसाला जाड ओले फडके धरून मागची नळी क्षणभर दाबायला सांगितली तर गळती मोठ्याने फुसफुसते.

तेल बदलताना गाडी वर घेतलेलीच असते, तेव्हाच दहा मिनिटे खालून सगळे नट, रबरे, क्लॅम्प पाहून घ्यावेत. ऊसतोडीचा हंगाम लागण्याआधी आणि रमजान-ईदच्या बाजारांआधी तर नक्की, कारण त्या दिवसांत एक दिवस गाडी उभी राहणे सर्वांत महाग पडते.

कायद्याची बाजूही आहे. आठ वर्षांपुढच्या वाहतूक वाहनाला दरवर्षी फिटनेस घ्यावी लागते, आणि पी.यू.सी. सर्वांनाच. जोड गळका असला की नळीत बाहेरची हवा शिरते आणि यंत्रावरची नोंद चुकीची येते. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सरच्या आधी गळती असेल तर संगणक फसतो, पेट्रोल जास्त सोडतो आणि ॲव्हरेज पडते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये प्रदूषणाच्या उल्लंघनासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. त्या रकमेत पितळी नटांची पेटी येईल.

आपल्या गॅरेजवाल्या आणि लेथवाल्या बांधवांसाठी यात एक छोटा धंदाही आहे. ओम्नी, मॅटाडोर, ट्रॅक्स अशा गाड्यांचे स्टड, तांब्याच्या मुलाम्याचे आणि पितळी नट, जाड वायसर, पॅकिंग आणि दोन रबरे एकत्र पुडीत बांधून गाडीच्या नावानिशी ठेवावीत. तालुक्याच्या गावात असा संच सहसा तयार मिळत नाही, बीडला किंवा अहिल्यानगरला जावे लागते. माल घेताना ठोक दुकानदाराकडे आय.एस. १३६७ चा माल मागावा, पावती घ्यावी, आणि दोन नट फोडून आतून पाहावेत. पितळेचा म्हणून पिवळा मुलामा दिलेले लोखंडही विकले जाते. चुंबक लावला की कळते.

फिरत्या व्यापाऱ्याने गाडीत एक पत्र्याची डबी ठेवावी. तीत ८ आणि १० एम.एम.चे चार-चार नट, दोन स्टड, एक रबर, एक क्लॅम्प, तांब्याच्या पेस्टची डबी आणि मेणबत्ती असावी. डबीवर खडूने आट्याचे अंतर लिहावे: ८ ला सव्वा, १० ला दीड किंवा सव्वा, आपल्या गाडीला जे असेल ते. म्हणजे रात्री टॉर्चच्या उजेडात दुसऱ्या कुणी मदत केली तरी चुकीचा नट चढणार नाही.